नदीकाठची घरे आणि कलम 118

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात बंजारच्या बाजूने वाहणारी तीर्थन नदी लारजीजवळ बियासला मिळते. तिच्या काठाने गुशैनीकडे जाताना लाकडी तुळ्या आणि दगड यांचे थर आलटूनपालटून रचलेली जुनी काठकुणी घरे दिसतात. त्यांपैकी अनेकांना लागून आता नव्या खोल्या निघाल्या आहेत. खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. चूल घरचीच, राजमा घरचा, आणि डोंगरातली वाट दाखवणारा बहुधा घरातलाच मुलगा. राज्य सरकारने 2008 साली ‘होम स्टे’ योजना आणली, तिची मूळ धारणा हीच होती : कुटुंबाने राहत्या घरातल्या मोजक्या खोल्या द्याव्यात आणि वीज-पाणी घरगुती दरानेच मिळावे.

या उत्पन्नाची कौतुके पर्यटनाच्या पत्रकांतून पुष्कळ होतात. ते कशाच्या बळावर उभे आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. पहिले बळ नदीचे. तीर्थनवर छोट्या जलविद्युत प्रकल्पांची रांग उभी राहणार होती. माजी आमदार दिलेराम शबाब आणि खोऱ्यातील ग्रामस्थ यांनी ती लढून थांबवली, आणि म्हणूनच आज विकायला वाहते पाणी आहे. शेजारच्या सैंज खोऱ्यात 520 मेगावॉटचा पार्वती-3 आणि 800 मेगावॉटच्या पार्वती-2 चे वीजगृह आले. लगतचे जीवा नाल्याचे क्षेत्र तर याच योजनेसाठी 1999 मध्ये ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून वगळण्यात आले. त्याच वर्षी त्याच उद्यानाच्या अंतिम अधिसूचनेने गावकऱ्यांचे मेंढ्या चारण्याचे आणि वनौषधी गोळा करण्याचे हक्क संपुष्टात आणले. मेंढरू जंगलाला धोका ठरले, बोगदा ठरला नाही!

दुसरे बळ जमिनीचे. यशवंतसिंह परमार मुख्यमंत्री असताना झालेल्या 1972 च्या कूळ व जमीनसुधारणा कायद्यातील कलम 118 नुसार, जो हिमाचलात शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीवाचून जमीन घेता येत नाही. महाराष्ट्रातही कुळकायद्याचे कलम 63 आहे. परंतु राज्यात कोठेही सातबारा असला की कोकणातली वाडी घेता येते. विकलेल्या वाडीवर मूळ मालकच राखणदार होऊन राहिल्याची उदाहरणे किनाऱ्यावर शोधावी लागत नाहीत. तीर्थनच्या काठी तसे सरसकट घडले नाही, याचे श्रेय पाहुणचाराच्या परंपरेपेक्षा या एका कलमाला अधिक आहे.

गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी हे कलम सैल करा, ही मागणी मात्र वारंवार पुढे येते. ते सैल होण्याची वाट न पाहता पळवाटाही निघतात. जमीन शेतकऱ्याच्या नावावर, नोंदणी त्याच्या नावावर, आणि धंदा शहरातल्या भांडवलाचा. वर्षाची ठोक रक्कम हातात पडते म्हणून घरधनी खूष असतो. दोन-तीन हंगामांनी तोच आपल्या घरात पगारी व्यवस्थापक झालेला असतो. कायद्याने भाडेपट्टा हेही हस्तांतरणच मानले आहे. पण जो करार कागदावर येतच नाही त्याला कलम कसे लागू पडणार?

जे कुटुंब स्वतः धंदा चालवते त्याचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव्ह यांनी दाखवून दिले होते की शेतकरी कुटुंब स्वतःच्या श्रमाची मजुरी खर्चात धरत नाही, आणि म्हणूनच भांडवली शेती जेथे बुडेल तेथेही ते तग धरते. पाहुण्यांच्या खोलीला हे तंतोतंत लागू आहे. गवत कापून, गाय दोहून घरची बाई पहाटे पाहुण्यांचा चहा करते आणि रात्री त्यांची भांडी घासते. तिची मजुरी लावली तर कित्येक खोल्यांचा नफा शून्यावर येईल. आरक्षण करून देणाऱ्या कंपन्या भाड्यातला पंधरा-वीस टक्के वाटा मात्र चोख कापून घेतात.

लाभ साऱ्या गावाला मिळतो, हेही अर्धसत्य आहे. ज्याची जमीन रस्त्याला आणि नदीला लागून, त्याच्या दारी पाहुणा. वरच्या वस्त्यांतील भूमिहीनांच्या, विशेषतः दलितांच्या, वाट्याला ओझी वाहण्याची आणि बांधकामाची मजुरी येते. कुलूच्या खेड्यांत सवर्णांच्या घरी दलितांना आत न घेण्याची चाल अजून पुरती मोडलेली नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याला जात न विचारता पलंग मिळतो आणि त्याच घराच्या भिंती रचणारा शेजारी ओसरीच्या खालीच उभा राहतो. सनातनी रूढीने पैशापुरती ही सवलत काढली आहे.

जुलै 2023 च्या पुराने आणखी एक गोष्ट उघडी केली. बियास आणि तिच्या उपनद्या फुगल्या, सैंजची बाजारपेठ उद्ध्वस्त झाली, रस्ते तुटले. ज्यांच्या खोल्या शाबूत राहिल्या त्यांचेही पाहुणे थांबले. बँकेचा हप्ता थांबला नाही. अगदी पाण्याच्या कडेला बांधण्याचा हव्यास पर्यटकाच्या खिडकीतल्या दृश्यासाठी असतो, जोखीम मात्र संपूर्ण कुटुंबाची.

डॉ. लोहिया यांच्या चौखंभा राज्याच्या कल्पनेत गाव हा पहिला खांब होता. हिमाचलात समाजवाद्यांना खरोखर काम करायचे असेल तर कलम 118 चा बचाव करणे एवढ्यावर भागणार नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाआधी त्या घरात कुटुंब खरोखर राहते आणि धंदा चालवते की नाही, याची तपासणी ग्रामसभेसमोर झाली पाहिजे, कारण कोण कोणाच्या वतीने बसला आहे हे तहसीलदारापेक्षा गावाला आधी कळते. नोंदणी पती-पत्नी दोघांच्या नावे हवी. पाहुण्यांवरचा एक लहानसा कर पंचायतीत जमा होऊन तो वरच्या वस्त्यांवर खर्च झाला पाहिजे. आपत्तीच्या हंगामात हप्त्याला स्थगिती मिळाली पाहिजे, आणि पुराच्या रेषेच्या आत नवी खोली बांधायला कोणालाही, अगदी मूळ रहिवाशालाही, परवानगी देता कामा नये. ही शेवटची मागणी गावातच अप्रिय ठरेल. ती तेथेच मांडावी लागेल.