एकतर्फी ओळख

लग्ने जमवण्याचे काम मी आजवर कधी केले नाही. मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक येतात ते मानपत्राचा मसुदा घेऊन, नाहीतर निमंत्रणपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यायला. परंतु गेल्या वर्षी सत्र परीक्षेला अवघे चार दिवस उरले असताना एक जोडी जमवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. एक पक्ष होता आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला संगणक आणि दुसरा पक्ष कानांवर चढवायचा बिनतारी हेडसेट. दोघांची सोयरीक सहा महिन्यांपूर्वीच झालेली होती. सहा महिने ती मंडळी सुखाने नांदलीही होती. आणि एका सोमवारी सकाळी हेडसेटने संगणकाला ओळख दाखवण्याचेच नाकारले!

वाचक म्हणतील, यात एवढे काय बिघडले? एक यंत्र दुसऱ्याशी बोलेनासे झाले, तर तिसरे आणावे. पण हा हेडसेट कुणाच्या गाण्याबजावण्यासाठी नव्हता. आमच्या एम.ए.च्या वर्गात नेवासे तालुक्यातला एक मुलगा होता. जन्मापासून अंध. अभ्यासाची सारी पुस्तके संगणक त्याला वाचून दाखवी. त्या संगणकावर लिनक्स आहे आणि लिनक्सवर ओर्का नावाचा वाचक फुकट मिळतो. पडद्यावर जे जे उमटेल ते ते हा ओर्का मोठ्याने सांगतो. त्याला ई-स्पीकचा आवाज जोडून दिला की तो मराठीही वाचतो. उच्चार, खरे सांगायचे तर, पडसे झालेल्या तलाठ्याने सातबारा वाचून दाखवावा तसे. पण त्या मुलाच्या कानाला ते इतके सरावले होते, की आपण डोळ्यांनी वाचतो त्याहून अधिक वेगाने तो ते ऐके.

ग्रंथालयात आवाज मोठा लावता येत नाही. तारेचा हेडफोन होता, पण त्याची तार जिथे खुपसायची ती जागा झिजून इतकी ढिली झाली होती, की मान हलली की निरूपण बंद! म्हणून आम्ही चार अध्यापकांनी वर्गणी काढून हा बिनतारी हेडसेट आणला होता. चार दिवसांवर पेपर होता तो ज्ञानेश्वरीचा. मराठी विकिस्रोतावर ज्ञानेश्वरी आहे. तीच तो अध्यायामागून अध्याय ऐकत होता. आणि नेमका आता हेडसेट रुसला होता.

"सर, हेडसेट लागत नाही," तो व्हरांड्यात मला म्हणाला.

मी तासाला निघालो होतो. हातात हजेरीपट, खांद्यावर घाई. "अरे, तूच काहीतरी भलते बटण दाबले असशील," मी म्हणालो आणि वर्गात शिरलो. तो काही बोलला नाही.

माझे हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावे. पुढे ते माझ्याच अंगावर यायचे आहे.

दुपारी तास नव्हता. मनाला थोडे लागलेही होते. ग्रंथपालांच्या मागच्या खोलीत संगणक हलवला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसलो. तिथे संगणकाच्या स्वतःच्या कर्ण्यातून हळू आवाज काढायला हरकत नव्हती. बसल्यावर ध्यानात आले ते असे: लिनक्सच्या आज्ञा त्याला तोंडपाठ, पण महागडे हेडसेट आपली अवस्था बोलून सांगतात, आमचा वर्गणीचा हेडसेट मात्र एका मिचमिचत्या दिव्यानेच सारे सांगे. तो दिवा त्याला दिसत नव्हता. मला दिवा दिसत होता, पण आज्ञेतले अक्षर कळत नव्हते. आपल्या दर्शनांत पंग्वंधन्याय सांगितला आहे. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि दोघे मिळून वाट काढतात. आमच्या जोडीत पांगळा कोण हे सांगायला नकोच.

"सर, दिवा कसा लागतोय?"

"निळा. थांबून थांबून."

"म्हणजे नुसता चालू आहे. जोडणीला तयार नाही. पण तसाच राहू द्या. ओळख जुनी असली तर एवढ्यावरही जोडायला हवा. तुमचा मोबाईल जवळ आहे का? त्याचे ब्लूटूथ बंद करा."

हा पहिला धडा. हेडसेट कुठल्या ओळखीच्या मोबाईलशी आधीच लगट करून बसला असेल, तर तो संगणकाकडे ढुंकूनही पाहत नाही. मी माझा मोबाईल बंद केला, ग्रंथपालांचाही करवला. उपयोग झाला नाही.

दुसरी पायरी टाळ्यांची. संगणकातल्या बिनतारी यंत्रणेला दोन प्रकारची टाळी असतात. एक आज्ञेने लागते आणि आज्ञेने निघते, दुसरे यंत्रावरच्या एखाद्या खटक्याचे असते आणि ते हातानेच काढावे लागते. 'आरएफकिल लिस्ट' अशी आज्ञा रोमन अक्षरांत टंकली की कुठले टाळे लागले आहे ते कळते. पहिल्या प्रकारचे असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ' म्हटले की निघते. आमच्याकडे दोन्ही टाळी उघडीच होती.

तिसरी पायरी: ब्लूटूथचा कारभार पाहणारा सेवक जागा आहे की नाही हे विचारायचे आणि शंका असेल तर त्याला निजवून पुन्हा उठवायचे. 'सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट ब्लूटूथ.' सेवक उठला, पण हेडसेट ढिम्म हलेना.

"सर, ह्याला निळा दात का म्हणतात?" आज्ञा देता देता त्याने विचारले. भाषेच्या माणसाला एवढे तरी ठाऊक असणारच, अशा विश्वासाने. सुदैवाने ठाऊक होते. दहाव्या शतकात डेन्मार्कात हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचे टोपणनाव ब्लूटूथ; एक दात काळानिळा पडलेला होता म्हणतात. त्याने विखुरलेली राज्ये एका छत्राखाली आणली. 1997 साली इंटेल कंपनीतल्या जिम कार्डाक यांनी, यंत्रायंत्रांना एकत्र आणणाऱ्या या योजनेला त्या राजाचे नाव सुचवले. नाव तात्पुरते होते, ते कायमचे झाले. हॅराल्डच्या आद्याक्षरांच्या दोन जुन्या नॉर्डिक लिपिचिन्हांचे जोडाक्षर म्हणजेच ब्लूटूथची खूण. जोडाक्षर म्हटल्यावर मी जरा खुललो. पण जोडणी होत नव्हती ती नव्हतीच.

चौथ्या पायरीला त्याने 'ब्लूटूथसीटीएल' नावाचे दालन उघडले. इथे संगणकाच्या ओळखीच्या साऱ्या यंत्रांची यादी असते. प्रत्येकाचे एक नाव आणि एक पत्ता. पत्ता म्हणजे आकडे नि अक्षरे यांच्या सहा जोड्या. संगणक नावाने जात नाही, पत्त्याने जातो. ते मला पटले. आमच्या अहमदनगरचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले; पण एस.टी. नव्या नावाची पाटी लावून त्याच माळीवाड्याच्या स्टँडवर येते, कारण जागा तीच आहे.

त्याने हेडसेटची माहिती विचारली. ओर्का खडखडत्या आवाजात सांगू लागला: जोडणी झालेली, होय. विश्वासातला, होय. सध्या जोडलेला, नाही. मग 'कनेक्ट' म्हणून पाहिले. नकार. पुन्हा म्हटले. पुन्हा नकार.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, या संगणकावर विंडोजही आहे ना? तिकडे हा हेडसेट कुणी लावला होता का?"

वाचकहो, शनिवारी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, घरबसल्या होणारे एक चर्चासत्र ऐकायला मी याच संगणकासमोर बसलो होतो. मला लिनक्स येत नाही म्हणून विंडोज उघडले होते. आणि कपाटातला हाच हेडसेट, दिवा लाल-निळा होईपर्यंत बटण दाबून, मोठ्या हुशारीने त्याला जोडला होता!

मी ते सांगितले. सकाळी व्हरांड्यात जे बोललो होतो त्याबद्दल क्षमाही मागितली. तो हसला आणि म्हणाला, "मग सोपे आहे, सर. बिघडले काहीच नाही."

मग त्याने मला समजावून सांगितले. दोन यंत्रांची पहिली जोडणी होते तेव्हा दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्यापाशी जपून ठेवतात. पुढच्या वेळी नव्याने ओळखपाळख होत नाही. किल्लीला किल्ली जुळते की नाही एवढेच पाहतात. लिनक्स आणि विंडोज असे दोन संसार एकाच यंत्रात असले तरी त्यांचा बिनतारी भाग एकच, म्हणून पत्ताही एकच. हेडसेटला वाटले, तोच संगणक नवी किल्ली मागतो आहे. त्याने नवी घेतली, जुनी टाकून दिली. लिनक्सपाशी मात्र जुनीच राहिली. इकडे ओळख पक्की, तिकडे ओळख पुसलेली! अशा एकतर्फी ओळखीवर कितीही वेळा दार ठोठावा, ते उघडत नाही.

उपाय एकच: इकडूनही विसरायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. 'रिमूव्ह' आणि पुढे हेडसेटचा पत्ता. जुनी नोंद गेली. "आता बटण दाबून धरा, सर." मी धरले. दिवा लाल-निळा, लाल-निळा होऊ लागला आणि मी तसे ओरडून सांगितले. त्याने 'स्कॅन ऑन' म्हटले, हेडसेट दिसला. मग 'पेअर', म्हणजे जोडी कर. 'ट्रस्ट', म्हणजे विश्वास ठेव, पुढच्या वेळी तो आपणहून आला तर परवानगी विचारत बसू नकोस. 'कनेक्ट', म्हणजे आता बोल. दिवा निळा, स्थिर. झाली जोडी! विंडोजमधली किल्ली काढून लिनक्सच्या वहीत उतरवायची आणि दोन्ही संसारांत एकच किल्ली चालवायची, अशीही युक्ती आहे म्हणे; पण परीक्षेच्या तोंडावर ती करत बसायला आम्हाला सवड नव्हती.

पण लग्न लागले म्हणजे संसार सुरू झाला असे थोडेच आहे? जोडणी झाली तरी आवाज संगणकाच्या कर्ण्यातूनच येत राहिला. ध्वनीच्या मांडणीत जाऊन 'बाहेर जाणारा आवाज हेडसेटकडे' असे सांगावे लागले. तो हेडसेटकडे गेला, तर विहिरीतून आल्यासारखा पोकळ. तेही एक मर्म निघाले. हेडसेटला दोन वृत्ती असतात. नुसते ऐकायचे असेल तेव्हा आवाजाचे सेकंदाला 44,100 किंवा 48,000 नमुने येतात. पण तोंडाजवळचा मायक्रोफोनही चालू ठेवला की तो टेलिफोनच्या वृत्तीत जातो आणि जुन्या पद्धतीत 8,000, नव्या पद्धतीत 16,000 नमुन्यांवर भागवतो. थोडक्यात, बोलणे चालू ठेवून चांगले ऐकणे यंत्रालाही जमत नाही! आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य टांगून ठेवावे असे मला वाटले. मग पहिला टांगण्याचा मान कुणाचा हे आठवून मी तो विचार सोडला. मायक्रोफोनची वृत्ती बंद केली, ऐकण्याची निवडली. आवाज भरून आला.

शेवटची तक्रार त्याची त्यालाच कळली. तो ओवीमागे थांबे, विचार करी, आणि पुढची ओवी सुरू केली की तिचे पहिले एकदोन शब्दावयव गिळले जात. कारण असे, की पाच सेकंद शांतता झाली की लिनक्समधला ध्वनीचा कारभारी, त्याचे नाव वायरप्लंबर, हेडसेटकडची वाट झोपवून टाकतो. पुन्हा आवाज आला की वाट जागी व्हायला क्षण लागतो आणि तेवढ्यात अक्षर निसटते. गाणे ऐकणाऱ्याला हे जाणवतही नाही. पण ओवीचे पहिले अक्षर गेले तर कधी कधी 'न' जातो, आणि 'नाही'चे 'आही' होते. त्याने एका लहानशा फाइलीत पाचाच्या जागी शून्य लिहिले. वाट जागी राहू लागली.

ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. ते मी वीस वर्षे शिकवतो आहे. अवधान म्हणजे लक्ष देणे, असे फळ्यावर लिहूनही देतो. शांततेतही वाट जागी ठेवणे म्हणजे अवधान, हे मला त्या दुपारी कळले. आणि तेही ज्याला मी सकाळी ऐकून न घेता दोष दिला होता त्याच्याकडून.

चौथ्या दिवशी तो पेपरला बसला. तो सांगत होता आणि शेजारी बसलेली पहिल्या वर्षाची मुलगी त्याची लेखनिक म्हणून लिहीत होती. ज्ञानदेवांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली ती त्याच्याच नेवाशात, आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे. पर्यवेक्षक म्हणून मी दारात उभा होतो. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने एकही अक्षर न गाळता घ्यावे, ही जोडी जमणे किती अवघड असते ते आता मला ठाऊक होते. मी चपला बाहेर काढून आत फिरलो, आवाज नको म्हणून.

हेडसेट अजून ग्रंथालयाच्या कपाटात आहे. त्याच्या डबीवर मी स्वहस्ते, मोठ्या अक्षरांत, शुद्धलेखनाचे सर्व नियम पाळून एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'हा हेडसेट विंडोजला जोडू नये.' परवा ग्रंथपाल म्हणाले, "सर, ज्याच्यासाठी हा आणला त्याला चिठ्ठी दिसत नव्हती. मग लावली कुणासाठी?"

"ज्याला दिसते त्याच्यासाठीच," मी म्हणालो.