लंडनच्या बागांत एक ‘टायगर’ वाढतोय, दुसरा गायब होतोय, असं का?

ऑगस्ट आला की लंडनमधल्या बागांचे फोटो सोशल मीडियावर दिसू लागतात. काळ्या पंखांवर पांढरे पट्टे आणि आत लपलेला लालभडक रंग. हा जर्सी टायगर नावाचा पतंग. पूर्वी ब्रिटनच्या मुख्य भूमीवर तो प्रामुख्याने डेव्हन परगण्यात दिसायचा. आता त्याने लंडनमध्येही बस्तान बसवलं आहे.

फोटो पाहून वाटतं, कीटकांचं बरं चाललंय. पण त्याच्याच कुळातला गार्डन टायगर मात्र नाहीसा होत चाललाय. १९६८ ते २००७ या काळात ब्रिटनमधली त्याची संख्या ९२ टक्क्यांनी घटली.

हे कसं कळलं?

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या कृषी संशोधन संस्थेने १९६०च्या दशकात देशभर प्रकाश सापळ्यांचं जाळं उभारलं. एकाच पद्धतीचा दिवा लावायचा, सापळ्यात आलेले पतंग मोजायचे आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं. अनेक सापळे स्वयंसेवकच सांभाळतात. त्या नोंदींमुळे ही घट आकड्यांत दिसली.

मोठेपणी वाघ, लहानपणी अस्वल

गार्डन टायगरचे पुढचे पंख तपकिरी-पांढरे, तर मागचे केशरी आणि त्यावर निळसर काळे ठिपके. पक्ष्याने छेडलं की तो पुढचे पंख सरकवून हा भडक रंग दाखवतो. ‘मी विषारी आहे’ अशी ती सूचना असते. वटवाघूळ जवळ आलं तर तो टिकटिक असा बारीक आवाजही काढतो.

त्याच्या केसाळ सुरवंटाला इंग्लंडमध्ये ‘लोकरीचं अस्वल’ म्हणतात. तो फार चोखंदळ नाही. खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल, डँडेलियन असं कोणतंही तण त्याला चालतं. महाराष्ट्रात सोयाबीन आणि सूर्यफुलावर पडणारी केसाळ अळी याच गटातली.

मग अडचण कुठे आहे?

अडचण हिवाळ्यात आहे. उन्हाळ्याच्या शेवटी अंड्यातून निघालेला सुरवंट लहान असतानाच थंडी सुरू होते. तो सुस्त पडून राहतो आणि वसंतात पुन्हा खायला लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, हिवाळा उबदार आणि ओला गेला, वसंतही गरम असला, की त्या वर्षी गार्डन टायगर कमी दिसतात. हवामान बदलामुळे ब्रिटनमध्ये असे हिवाळे वाढत आहेत.

जर्सी टायगरचाही सुरवंटच हिवाळा काढतो. पण तो मूळचा दक्षिणेकडच्या उबदार प्रदेशातला. ब्रिटन ही त्याच्या प्रदेशाची उत्तरेकडची कड. त्याला अडवत होती ती थंडी, आणि तीच आता कमी होतेय. म्हणजे एकाला मारक ठरणारं हवामान दुसऱ्याला रस्ता मोकळा करून देतंय.

फोटोंवरून अंदाज का चुकतो?

जर्सी टायगर दिवसाही उडतो, फुलांवर बसतो, त्यामुळे सहज मोबाइलमध्ये टिपला जातो. गार्डन टायगर रात्री उशिरा उडतो. प्रौढ झाल्यावर तो काही खात नाही, त्यामुळे फुलांवरही येत नाही. तो असतानाही कमी जणांना दिसायचा. मग तो नसल्याचं कोणाच्या लक्षात येणार?

म्हणून ‘आमच्याकडे तर खूप दिसतात’ हा पुरावा पुरेसा नाही. जे दिसतं त्याचा फोटो निघतो; जे दिसेनासं झालं त्याचा निघत नाही. ते कळायला कोणीतरी आधीपासून मोजत असावं लागतं. ब्रिटनमध्ये सापळे लागले तेव्हा गार्डन टायगर सर्रास आढळणारा पतंग होता. सर्रास दिसतो म्हणून त्याची मोजणी टाळली असती, तर आज ९२ टक्के हा आकडाच नसता.