माती तपासा, मग माणसे हलवा

पुनर्विकासाची बैठक भरली की प्रश्न ठरलेले असतात. घर किती फुटांचे, पात्र कोण, अपात्र कोण, भाडे किती महिने मिळणार. मातीबद्दल कुणी विचारलेच तर उत्तर येते, "सॉइल टेस्ट झाली आहे." हे उत्तर खोटे नसते. पण ती चाचणी जमीन इमारतीचे ओझे पेलेल का, एवढेच पाहते. खडक किती खोल, माती किती भुसभुशीत, पाया कुठवर न्यायचा. त्या मातीत शिसे आहे का, खालच्या पाण्यात काय उतरले आहे, हे त्यात पाहिलेच जात नाही. दोन्ही चाचण्या वेगळ्या, आणि आपल्याला दुसरी हवी आहे.

धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांना घरे देण्यासाठी देवनार डम्पिंगची सुमारे 124 एकर जागा द्यायचे सरकारने 2024 मध्ये ठरवले. हे डम्पिंग 1927 पासून चालू आहे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हा पाण्याला हात लावण्याचा हक्क मागावा लागला. आज ते पाणी हात लावण्याजोगे आहे का, हेही आपल्यालाच विचारावे लागते आहे.

सरकार म्हणते, आधी कचरा उपसू, मग बांधू. तिथे साठलेला कचरा सुमारे 185 लाख टन. तो उपसला जाईलही. पण शंभर वर्षे पावसाचे पाणी त्या ढिगातून झिरपत आले आहे. बॅटऱ्या, रंगाचे डबे, फुटक्या ट्यूबलाइट, औषधे, सगळ्यांतले काही ना काही विरघळवून ते काळे पाणी जमिनीत मुरते. वरचा ढीग ट्रकने नेता येतो, खाली मुरलेले नेता येत नाही. शेजारी ठाण्याची खाडी, दलदलीची जमीन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की डम्पिंगच्या जागेवर आणि तिच्या हद्दीपासून 100 मीटरच्या आत घरे, शाळा, दवाखाने नकोत. मग ही सूचना कुणासाठी लिहिली होती?

आमच्यातल्या बऱ्याच जणींनी वॉर्डात नोकरी केलेली आहे, म्हणून शिशाबद्दल जरा सविस्तर सांगतो. शिसे पोटात गेले की लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शरीरात ओढून घेते. मूल जमिनीवर रांगते, बोटे तोंडात घालते, धूळ तशीच पोटात जाते. त्यात रक्त कमी असेल, आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर शिसे आणखी जास्त शोषले जाते. म्हणजे आधीच अशक्त असलेल्या मुलाला जास्त मार. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते, आणि शाळेत त्याला 'ढ' म्हणतात. नेहमीच्या रक्ततपासणीत शिसे दिसत नाही. त्याची वेगळी चाचणी डॉक्टरांना सांगून करून घ्यावी लागते.

आणखी एक गैरसमज. पाणी उकळले की जंतू मरतात, शिसे किंवा नायट्रेट जात नाही. उलट वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे एका लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, नायट्रेट 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. इतके थोडे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. म्हणून नळाची खात्री होईपर्यंत बोअरचे पाणी प्यायला, स्वयंपाकाला आणि बाळाच्या दुधात अजिबात वापरू नका.

खरी तपासणी जागेच्या इतिहासापासून सुरू होते. इथे आधी काय होते: डम्पिंग, गिरणी, चामड्याचे काम, रसायनांचा कारखाना? चामडे कमावण्यात क्रोमियम वापरतात, म्हणजे तिथे क्रोमियम शोधायचे. ही माहिती कागदावर अर्धीच असते, उरलेली वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे असते. त्यांना विचारले पाहिजे. मग वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची, भूजल तपासायला विहिरी पाडायच्या, आणि नमुने पावसाळ्याआधी व नंतरही घ्यायचे. एकाच कोपऱ्यातला एक नमुना म्हणजे एका रुग्णाचा ताप पाहून सगळा वॉर्ड बरा म्हणण्यासारखे.

कायद्याचे म्हणाल तर दूषित जागांबाबत केंद्राचे नियम जुलै 2025 मध्ये आले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्य मंडळाने तपासायच्या, असे त्यात आहे. पण डम्पिंगच्या घनकचऱ्याला त्यातून वगळले आहे. घातक रसायने मर्यादेपलीकडे सापडली तरच ते लागू होतात. आणि सापडण्यासाठी आधी कुणीतरी शोधायला हवे ना! शिवाय 20,000 चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. ज्यांना तिथे राहायचे, त्यांनाच कुणी विचारणार नाही.

माहुलला हेच झाले. प्रकल्पग्रस्तांना रिफायनऱ्यांच्या शेजारी आधी नेऊन ठेवले. हवेची चर्चा नंतर झाली, आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाला महिना 15,000 रुपये भाडे द्या असे सांगावे लागले. तोवर किती जणांचे श्वास बिघडले, ते त्या घरांनाच ठाऊक.

तेव्हा पुढच्या बैठकीत संमतीपत्रावर सही करण्याआधी माती आणि भूजलाचा रासायनिक अहवाल मागा. तो मराठीत मागा. नमुने घेताना वस्तीतल्या दोन बाया हजर राहतील असे लिहून घ्या. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का ते पाहा, आणि तिला नेमले कुणी तेही विचारा, कारण बिल्डरच्या पैशाने बिल्डरनेच निवडलेली प्रयोगशाळा आम्हाला पुरेशी वाटत नाही. अहवाल दिला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अर्जाची पोच घेऊन ठेवा.