ग्रामसभेला यायचं तर रोज बुडतो

२ ऑक्टोबरची ग्रामसभा लातूर-नांदेडकडे ऐन सोयाबीनच्या काढणीत येते. घरकुलाच्या यादीला मंजुरी ग्रामसभेतच मिळते, आणि ज्याला घरकुल हवं तो मजूर तेव्हा शेतात असतो. रोज बुडवून कोण येणार? वर आपणच म्हणतो, लोकांना रस नाही.

अथेन्सने ही अडचण ओळखली होती. इ.स.पू. ४०३ नंतर तिथे सभेला येणाऱ्या नागरिकाला पैसे मिळू लागले. आधी एक ओबोल, पुढे तीन. (बायका आणि गुलाम मात्र सभेबाहेरच.)

आपल्या सरकारने २०२४ मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, छोट्या गावात ३,००० चे ६,००० रुपये. चांगलंच झालं. पण समोर बसणाऱ्या मजुराला काय? त्याला निदान रोजगार हमीचा एक रोज द्या. तेही जमत नसेल तर सभा काढणी उरकल्यावर घ्या.