कीड म्हटलं की चौकशी संपते

पावसाळा सरत आला की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले साग तपकिरी पडू लागतात. पानांची नुसती जाळी उरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, जंगलाला रोग लागला, कुणीतरी औषध मारायला हवं. तिथून थोड्याच अंतरावर, उपनगरातल्या एखाद्या रस्त्यावर, ५० वर्षांचा रेन ट्री वाळून उभा असतो. फांद्यांवर पांढरा कापसासारखा थर, खाली चिकट झालेला फूटपाथ. लोक म्हणतात, कीड लागली. दोन्हीकडे किडे झाडाला खातात. पण साग पुढच्या जूनमध्ये पुन्हा हिरवा होतो आणि रेन ट्री मरतो. हा फरक का पडतो, हे आपण विचारत नाही. कीड हा शब्द उच्चारला की आपली चौकशी संपते.

आधी सागाचं पाहू. पानाची जाळी करणारी अळी युटेक्टोना मॅकेरालिस या पतंगाची. ती शिरा सोडून मधला हिरवा भाग खाते. तिचा जोर पावसाळ्याच्या अखेरीस असतो. तोवर सागाची त्या वर्षाची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते आणि पुढे काही महिन्यांत तो स्वतःच पानं गाळणार असतो. सागाची दुसरी अळी हिब्लिया प्यूरा या पतंगाची. ती पावसाच्या सुरुवातीला कोवळी पालवी फस्त करते, म्हणून तिचं नुकसान जास्त. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या सागाच्या लागवडीत मोजमाप केलं, तेव्हा लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ या अळीमुळे हुकत असल्याचं दिसलं. लाकूड विकणाऱ्यासाठी हा मोठा तोटा आहे. पण ती झाडं मेली नाहीत. त्यांनी पुन्हा पालवी धरली.

जंगलात अळी एकटी नसते. तिच्यामागे पक्षी येतात, कोळी आणि मुंग्या येतात, तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या येतात. कितीतरी पक्ष्यांची पिल्लं अळ्यांवर वाढतात. अळ्यांची विष्ठा जमिनीवर पडते आणि पानातलं नत्र परत मुळांकडे जातं. उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरमध्ये सागाशेजारी ऐन आहे, कळंब आहे, काटेसावर आहे. सागाची अळी सागावर वाढते, शेजारच्या ऐनाला तिचं भय नाही. असं जंगल खाल्लं जातं आणि टिकतं.

आता रस्त्यावर या. रेन ट्री मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो लवकर वाढतो, छत्रीसारखी सावली देतो, म्हणून आपल्याकडे रस्त्यांच्या कडेने रांगेत लावला गेला. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या उपनगरांत हे वृक्ष मोठ्या संख्येने वाळले आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर पिठ्या ढेकूण सापडला. शेतकऱ्यांना हा चांगला ओळखीचा. द्राक्षावर, पपईवर, कपाशीवर त्याचे भाऊबंद असतात. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो. चिकट्यावर काळी बुरशी धरते, तिच्यामुळे पानांना ऊन मिळत नाही. चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि गवळ्याने गुरं राखावीत तशा त्या पिठ्या ढेकूण राखतात, त्याला खायला आलेल्या ढालकिड्यांना पळवून लावतात.

एवढं सगळं खरं असलं तरी हा किडा कोणत्या झाडावर बसला आहे, ते पाहावं लागतं. मोठ्या झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतांशी मातीच्या वरच्या हातभर थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. आपण बुंध्याला भिडवून काँक्रीट ओततो, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवतो. केबल आणि पाइपसाठी चर खणताना मुळं तोडतो. २०२३ पासून मुंबईत शेकडो किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचं काम हाती घेतलं गेलं. चांगला रस्ता सगळ्यांनाच हवा आहे, मलाही हवा आहे. पण पावसाचं पाणी गटारात जाऊ लागलं की भर जुलैतही झाडाची मुळं तहानलेली राहतात. तहानलेल्या झाडाच्या रसात विरघळलेलं नत्र वाढतं आणि रस शोषणाऱ्या किड्यांना ते मानवतं, असं कीटकशास्त्रज्ञ मांडत आले आहेत. त्यात बांधकामांची धूळ. पानांवर धुळीचा थर असला की किड्यांचे शत्रू असलेल्या बारीक गांधीलमाश्यांना काम करता येत नाही. म्हणजे आपण झाडाला अशक्त केलं, त्याच्या रक्षकांना हाकललं आणि मग किड्याला आरोपी केलं.

झाड स्वतःचा बचाव करतं, याचं मोठं उदाहरण साल वृक्षाचं आहे. सालाच्या खोडात शिरणारा एक भुंगेरा आहे, त्याच्या अळ्या लाकूड पोखरतात. धडधाकट साल या कोवळ्या अळ्यांना आपल्या राळेत बुडवून मारतो. झाड अशक्त असलं तर राळ पुरत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात मंडला भागात या भुंगेऱ्याची मोठी साथ आली आणि लाखो साल तोडावे लागले. साथ इतकी वाढली की सशक्त झाडांचाही बचाव अपुरा पडतो, हेही तिथे दिसलं. म्हणून किडा निरुपद्रवी आहे, असं मी म्हणत नाही. तो कुणावर आणि कधी भारी पडतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याचा बंदोबस्त होत नाही, एवढंच म्हणणं आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांत वाळवीची, दीमकची बदनामी सारखीच आहे. घराला वाळवी, नात्याला वाळवी, देशाला वाळवी. निवडणुकीच्या सभांत माणसांना दीमक म्हटलेलंही आपण ऐकलं आहे. ज्यांच्याबद्दल विचारपूस करायची नसते त्यांना हा शब्द चिकटवतात. पण आपल्याच घराघरांत माहीत असलेली हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांची गोष्ट आठवा. ते काठीला टेकून उभे असतानाच त्यांचा इंतकाल झाला. ते जिवंत आहेत असं समजून जिन काम करत राहिले. वाळवीने काठी खाल्ली, ते खाली पडले, तेव्हा कुठे जिनांना कळलं. त्या गोष्टीत वाळवीने कुणाला मारलेलं नाही. मृत्यू आधीच झाला होता, तिने तो उघड केला. पावसाळ्यात झाड कोसळलं की बातमीत लिहिलेलं असतं, झाड वाळवीने पोखरलं होतं. वाळवीच्या बहुतेक जाती मेलेलं लाकूड खातात. ते लाकूड मेलं कधी आणि कशाने, हा प्रश्न बातमीत नसतो. आणि हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. अशा झाडाखाली माणसं दगावतात. रस्त्यावर उभा राहणारा, हातगाडी लावणारा, रिक्षाची वाट पाहणारा माणूस त्याखाली सापडतो.

यावर सरळ उपाय सुचवला जातो तो फवारणीचा. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे फवारा त्याला पुरता लागत नाही, उलट त्याचे शत्रू मरतात. २००८ मध्ये कोइमतूरजवळ पपईवर मेक्सिकोकडचा पिठ्या ढेकूण आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला. औषधं मारून शेतकरी थकले. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या गेल्या आणि काही महिन्यांत तो आटोक्यात आला. किड्याचा बंदोबस्त किड्याने केला. द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर सोडला जाणारा ऑस्ट्रेलियन ढालकिडा तर भारतात १८९८ मध्येच आणला गेला होता. ज्ञान आपल्याकडे आहे. ते शेतात वापरतो, शहरातल्या झाडासाठी मात्र करवत काढतो.

दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला, वाळलेलं झाड धोकादायक आहे, ते काढलंच पाहिजे. मान्य. पण त्याच्या रांगेतली बाकीची झाडं अजून जिवंत आहेत, त्यांची माती आज मोकळी करता येते. दुसरा आक्षेप, रेन ट्री परदेशीच आहे, मेला तर देशी झाडं लावू. देशी झाडं जरूर लावावीत, आणि एकाच जातीची रांग न लावता मिसळून लावावीत. एका जातीची रांग म्हणजे त्या जातीच्या किड्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. पण करंज लावा की बकुळ, आळं सिमेंटने बुजवलं तर त्यांच्यावरही पुढचा कुठला तरी किडा येईल. आणि ५० वर्षांची सावली रोपटं लावून परत मिळत नाही.

२३ एप्रिल २०१३ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी आदेश दिला की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवावी. मुंबईतही महापालिकेने काँक्रीट काढण्याच्या मोहिमा मधूनमधून घेतल्या आहेत. मोहीम संपते, पुढचा कंत्राटदार येतो आणि आळं पुन्हा बुजतं. म्हणून ही अट रस्त्याच्या कंत्राटातच हवी : बुंध्यापासून एक मीटर माती उघडी नसेल तर बिल मंजूर नाही. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत फांद्या छाटण्याबरोबर मुळांची आणि आळ्यांची नोंद हवी. पिठ्या ढेकूण दिसला तर वॉर्डातल्या उद्यान खात्याकडे फवारणीपंपाआधी कीटकतज्ज्ञ पोहोचायला हवा.

आपल्या मोहल्ल्यांतही वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात आणि दरवेळी ती हदीस सांगितली जाते की लावलेल्या झाडाचं पक्ष्याने, माणसाने, जनावराने खाल्लं तर लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य मिळतं. तिच्यातलं एक साधं गृहीत मला महत्त्वाचं वाटतं. झाड हे खाल्लं जाण्यासाठीच आहे. खाल्लं जाऊनही ते उभं राहावं, यासाठी मुळाशी जेवढी माती लागते, तेवढी सोडणं आपल्या हातात आहे. मशिदीच्या, मदरशाच्या, शाळेच्या, सोसायटीच्या दारातल्या झाडापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी महापालिकेला आधी एक अर्ज लागतो, मग एक छिन्नी, एक हातोडा आणि रविवारची एक सकाळ.