उधईला कुणी घरकोंबडी म्हणत नाही!

बारावीचा निकाल लागला की वऱ्हाडात एकच प्रश्न सुरू होतो, ‘मग पुण्याला कधी?’ अमरावती-अकोल्यातच राहतो म्हटलं की शिक्का तयार: घरकोंबडा. जणू बाहेर पडणं हा फक्त हिमतीचा मामला! मला हे पटत नाही. आणि माझ्या बाजूने साक्षीला आहे चक्क वाळवी, म्हणजे आपली उधई.

सगळी उधई सारखी फिरत नाही. काही जाती ज्या कोरड्या लाकडात राहतात, तेच खातात. घर तेच, मेस तीच! त्यामुळे त्यांना जेवायला बाहेर पडायची गरजच नाही. धुऱ्यावर वारूळ बांधणाऱ्या जातीचं उलट. घर जमिनीत, जेवण दूर. कधी संत्र्याच्या खोडावर, कधी काडीकचऱ्यात. तिथले कामकरी आंधळे, वासाच्या माग्यावरून चालतात. अंग इतकं मऊ, की अकोल्याच्या मे महिन्यात उघड्यावर आले तर सुकूनच जातील. झाडावर दिसणारा मातीचा पापुद्रा म्हणजे त्यांचा झाकलेला रस्ता. थोडक्यात, कोण किती फिरणार हे घर आणि जेवण यांच्यातलं अंतर ठरवतं.

खरी गंमत पुढे आहे. लाकडातच राहणाऱ्या जातींत या ‘घरबशां’ना पुढे पंख फुटू शकतात. लाकूड संपत आलं की अनेक जण पंख घेऊन नवं घर शोधायला उडतात. वारुळातून रोज बाहेर जाणाऱ्या कामकऱ्यांना मात्र पंख कधीच येत नाहीत. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती घोंगावतात ते वेगळे. म्हणजे घरी राहिला तो अडकला आणि फिरला तो मोकळा, हा हिशोबच कच्चा.

माणूस म्हणजे उधई नाही, कबूल. पण बडनेऱ्याहून पुण्याची गाडी पकडणारे सगळे काही हौसेने जात नाहीत. अनेकांना इथे न मिळणारं काम ओढून नेतं. मागे राहणाऱ्यांचंही शेत असतं, दुकान असतं, घरी आजारी माणूस असतं. अमरावतीत विद्यापीठ आहे, अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. शिकायची सोय झाली, पण शिकल्यावर पोट भरायची सोय कुठाय?

म्हणून ‘तू कधी जातेस?’ हा प्रश्न आता पोरापोरींना नका विचारू. ‘काम इथे कधी येतंय?’ हे मत मागायला दारात येणाऱ्यांना विचारा. जायचं की राहायचं, ते मग आमचं आम्ही ठरवू.