एका ओळीची आज्ञा आणि न्हावा-शेवा

पनवेलहून उरणकडे सरकणाऱ्या कंटेनरच्या रांगा पनवेलकरांना नव्या नाहीत. २७ जून २०१७ रोजी मात्र न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे काम ठप्प झाले ते संगणकांमुळे. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटलेला ‘नॉटपेट्या’ हा विषाणू मर्स्क या डॅनिश कंपनीच्या जाळ्यातून येथवर पोहोचला होता. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले.

सुरक्षेची ताजी दुरुस्ती बसवलेले संगणक वाचतात, असा सर्वसाधारण समज. तेव्हा तेही वाचले नाहीत. विषाणूने एका संगणकाच्या स्मृतीतून व्यवस्थापकाचा पासवर्ड उचलला आणि विंडोजमधील ‘डब्ल्यूएमआयसी’ या अधिकृत साधनाला तीन पर्याय दिले: कोणता संगणक, कोणाचे नाव, कोणता पासवर्ड. दुसऱ्या संगणकाच्या दृष्टीने ती मालकाचीच आज्ञा होती. एका जागी बसून शंभर यंत्रांवर स्क्रिप्ट चालवणारा प्रामाणिक कर्मचारीही नेमके हेच लिहितो.

लिनक्सवर हे काम ‘एसएसएच’ करते. तेथे पर्यायापूर्वी तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ येते आणि पासवर्डऐवजी किल्लीची फाइल देता येते. ही किल्ली उघडी पडली तर लिनक्सचाही निभाव लागत नाही.

विंडोज ११ च्या २०२५ मधील ‘२५एच२’ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएमआयसी वगळले. रात्री आपोआप चालणाऱ्या ज्या जुन्या बॅच फाइलींत त्याच्या ओळी आहेत, त्या आता अडतील. कंटेनर गोदामे असोत वा सीमाशुल्क दलालांच्या कचेऱ्या, अशा फाइली बहुधा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याने लिहिलेल्या असतात.

त्या पॉवरशेलमध्ये नव्याने लिहाव्या लागतील. कचेरीतील साध्या विंडोज संगणकावर पॉवरशेलची स्क्रिप्ट चालवण्यास मुळात मज्जाव असतो. परंतु आज्ञेत ‘एक्झिक्युशनपॉलिसी बायपास’ हा पर्याय जोडला की तो उठतो. हा मज्जाव म्हणजे सुरक्षेची भिंत नव्हे, असे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. काम अडले की घाईत तोच पर्याय कायमचा लिहून ठेवला जातो, आणि खरा धोका, म्हणजे सर्व यंत्रांवरील व्यवस्थापकाचा एकच पासवर्ड, तसाच राहतो. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देऊन तो ठरावीक काळाने बदलणारी ‘लॅप्स’ ही सोय एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. ती आपोआप सुरू होत नाही.